घरजावयाची बाजू

"सासरा आणि जावई एकाच टीममध्ये? ऐकलंय का काका कधी असं?"

"नाही ऐकलं. ह्या वर्षी ऐकू."

"गाव हसेल."

"हसू दे. वर्षातून एकदा हसलं तर गावाची तब्येत बरी राहते."

"आणि यांना एकदा आपल्या बाजूला उभं केलं, तर कुणाची तब्येत बिघडणार आहे?"

च्यूमेयआत्या हे सगळं ओंडक्यावर सुरा आपटत बोलत होती. ओंडक्यावर डुकराच्या मांसाचा खिमा होता, आणि तिच्या प्रत्येक वाक्यागणिक तो आणखी बारीक होत होता. माझे आजोबा, लियाव तिंगफांग, म्हणजे आत्याचे सख्खे काका, दारातल्या बांबूच्या खुर्चीत बसून टरबुजाच्या बिया दाताने फोडत होते. ज्यांच्यावरून हे चाललं होतं ते गू फूशंग, आत्याचे यजमान, आमचे आतोबा, दोघांच्या बरोबर मध्ये बुटक्या स्टुलावर बसले होते आणि तोफूच्या चौकोनांत अंगठ्याने खिमा भरत होते. नवं वर्ष उद्यावर आलं होतं. अंगणात मोहरीचा पाला सुकत होता. मी ताटं पुसत होते आणि कान तिकडे होते.

"जावई तो जावई," आजोबा म्हणाले.

"आता त्यांना स्वतःला जावई आलाय काका. युन्यिंग परवा नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा माहेरी येणार. तोही जावयांकडून, हेही जावयांकडून. तो म्हणेल, बाबा, तुम्ही इकडे कसे? काय सांगू त्याला?"

"सांग, तुझा सासरा उत्तम गोलकीपर आहे."

"उत्तम गोलकीपर आहे तर आपल्या गोलात का नाही?"

आजोबांनी बी फोडली. सालं वाऱ्यावर उडाली.

"या माणसाने कधी तक्रार केलीय?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात?"

दोघंही आतोबांकडे बघायला लागले. आतोबांनी बोट चाटलं.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

आत्याने सुरा ठेवला आणि मीठ आणायला गेली. आजोबाही उठले. त्या दिवसापुरतं भांडण तिथे थांबलं, पण मिटलं नाही. मिटणार कसं? ते माझ्या जन्माआधीपासून चालू आहे.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या श्यापिंग गावच्या लेकी नवऱ्यांना घेऊन माहेरी येतात. दुपारी, कापलेल्या भाताच्या खाचरात, जावई विरुद्ध गाव असा फुटबॉलचा सामना होतो. हरलेल्या बाजूच्या बाप्यांनी सगळ्या पंगतीची भांडी घासायची. जगात कुठे कोण जिंकलं, कोण हरलं, याच्याशी आम्हाला फारसं देणंघेणं नसतं. पण त्या दिवशी कोणाचे हात साबणात बुडाले हे पुढचं वर्षभर चहाच्या दुकानात निघतं. आणि गेली कितीतरी वर्षं बहुतेक वेळा ते हात गावाचे, म्हणजे आम्हा लियावांचेच असतात. कारण पलीकडच्या गोलात आतोबा असतात.

आतोबा मूळचे डोंगरापलीकडच्या गूंच्या वस्तीतले. चार भाऊ, हे तिसरे. वडिलांचा पपनसांचा बाग. पपनस दिसायला मोठं दांडगं फळ, पण मनाने नाजूक. झाडावरून जमिनीवर आपटलं तर बाहेरून काही कळत नाही, आणि आठवड्याने सोलावं तर आतून कडू. म्हणून वडील फांदीवर बसून देठ कापायचे आणि खाली न बघता फळ सोडायचे. खाली झेलायला कोणीतरी हवं. थोरल्याचं लक्ष पोरींकडे, दुसऱ्याचं खाण्याकडे. राहिले हे.

"वडील सांगून टाकायचे का, की आता टाकतोय?" मी एकदा विचारलं होतं.

"छे. सांगायला लागले असते तर संध्याकाळ झाली असती. फांदी हलली की ओळखायचं."

"आणि सुटलं तर?"

"सुटलेलं फळ रात्री माझ्या ताटात. कडू असो, गोड असो, संपवायचं. मी फार दिवस कडू खाल्लं नाही."

झेलायचंही एक तंत्र होतं. हात पुढे नेऊन फळाला भेटायचं आणि मग त्याच्याबरोबर मागे यायचं, छातीपर्यंत, तान्ह्याला घेतल्यासारखं. तालुक्याच्या शाळेचे खेळाचे मास्तर एकदा बागेत पपनसं घ्यायला आले आणि घ्यायचं विसरून बघतच उभे राहिले.

"हा पोरगा मला द्या," ते वर झाडाकडे तोंड करून म्हणाले.

"हंगाम संपला की न्या," झाडातून आवाज आला. पुढचं फळ सुटलंच होतं.

हंगाम संपला आणि फूशंग तालुक्याला गेले. तालुक्याहून दोन वर्षांत ग्वांगचौला, प्रांताच्या टीममध्ये. तिथे टीमच्या वसतिगृहात आठ जणांच्या खोलीत त्यांना दाराजवळची खाट मिळाली आणि 'पपनस' हे नाव. तिसरा गोलकीपर म्हणजे काय असतं, हे आतोबांकडून ऐकावं. पहिला खेळतो. दुसरा आशेवर असतो. तिसरा सगळ्यांचे बूट कुठे आहेत ते सांगतो. त्या काळी गोलकीपरचे हातमोजे दुकानात मिळायचे नाहीत. मिळाले तर पहिल्याला. मग यांनी काय करावं? कामगार वापरतात ते पांढरे सुती हातमोजे घेतले, टेबलटेनिसच्या जुन्या बॅटींचं रबर सोलून काढलं आणि तळव्यांवर चिकटवलं. चेंडू असा चिकटायचा की पहिल्या गोलकीपरनेही गुपचूप एक जोड करून मागितला. बदल्यात आठवडाभर स्वतःच्या वाटची अंडी दिली.

खेळायला मिळालं ते शेन्यांगला. उत्तरेतली थंडी, मैदान लाद्यांसारखं कडक. पहिल्याचं बोट मोडलं, दुसऱ्याला ताप. प्रशिक्षकांनी बाकावर नजर टाकली आणि तिथे पपनस. आतोबा म्हणतात, "माझे पाय थरथरत होते. लोकांना वाटलं, थंडीने." समोरच्यांनी धडका मारल्या, कोपऱ्यातून मारलं, लांबून मारलं. त्या दुपारी काही आत गेलं नाही. आपल्यालाही काही मारता आलं नाही, पण परगावी शून्य-शून्य म्हणजे सणच. सामना संपल्यावर प्रशिक्षक जवळ आले, यांच्या तळव्यांचं रबर चाचपून बघितलं आणि म्हणाले, "ठीक."

"एवढंच?"

"त्यांनी पहिल्यालाही कधी 'ठीक' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला बरीच वर्षं पुरलं ते."

पुढे ते कधी पहिले होते, कधी दुसरे. एकदा देशाच्या टीमच्या सराव शिबिरालाही बोलावणं आलं, महिनाभर जेवले, परत आले. त्या शिबिरातली कोंबडी अजून आठवते म्हणतात. खेळाबद्दल विचारलं तर, "माझ्यापेक्षा चांगले होते तिकडे," एवढं सांगून विषय संपवतात. या माणसाला खंत नावाची गोष्ट अंगाला लागतच नाही, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

हातमोज्यांनीच लग्न जमवलं. सुट्टीत ते मेइचौला उतरले, तिथे कामगारांचे हातमोजे शिवायची फॅक्टरी होती आणि खिडकीशी शिलाई मशीनवर आमची च्यूमेयआत्या. हा भाग आत्याच सांगते, कारण आतोबा त्यात चुका करतात.

"मापाचे मिळतील का?"

"एकच माप असतं. कामगारांचे हात सगळे सारखे."

"माझे जरा मोठे आहेत."

"बघू."

यांनी खिडकीतून दोन्ही हात आत घातले. आत्या म्हणते, मशीनवर अंधार पडला. "हे हात आहेत की सुपं?"

"गोलकीपर आहे मी."

"मग मला काय करायचंय? बाजूला करा, सुई दिसत नाही."

तरीही तिने जेवणाच्या सुट्टीत वेगळे बेतून एक जोड शिवला. यांनी विचारलं, फाटले तर? ती म्हणाली, फाटले तर परत या. महिन्याने ते परत आले, हातमोजे फाटले म्हणून दाखवायला. तिने उलटसुलट करून बघितले.

"ही फाट खेळातली नाही. ब्लेडने कापलंय."

आतोबा हातमोजे परत घ्यायला गेले.

"हातमोज्यांच्या फॅक्टरीत बसते मी. मला काप आणि फाट कळत नाही होय?"

"कळतं म्हणूनच कापलं," ते म्हणाले. आत्या म्हणते, हे वाक्य त्यांनी ग्वांगचौपासून बसमध्ये पाठ केलं असणार, कारण त्यानंतर इतकं नीटस वाक्य त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही.

अडचण एकच होती. आत्या एकुलती एक. तिचे वडील, म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, वारले होते आणि आई एकटी. पूर्वजांसमोर उदबत्ती लावायला त्या घरात कोणी उरणार नव्हतं. म्हणून अट होती: नवऱ्यामुलाने इकडे राहायला यायचं आणि मुलं लियाव नाव लावतील. आमच्याकडे घरजावई होणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. टीममधल्यांनी तर सोडलंच नाही. "पपनस, आयुष्यभर दार राखलंस, आणि आता सासूच्या दारात जाऊन बसणार?" "जेवायला आत घेतील ना रे, की उंबऱ्यावरच वाढतील?" वडिलांना विचारायला गेले तेव्हा ते झाडावर होते.

"चार आहेत मला," वरून आवाज आला. "एक गेला तर तीन उरतात. तिकडे जमीन कशी आहे?"

"चांगली आहे. तळ्याकाठी."

"मग पपनसाची कलमं घेऊन जा."

खांद्याच्या दुखण्याने खेळ सुटला त्या वर्षी आतोबा कलमं घेऊन श्यापिंगला आले. शाळेत खेळाचे मास्तर झाले. ती कलमं आता तळ्याकाठचा बाग आहे.

पहिल्या नव्या वर्षाचा दुसरा दिवस. आमच्याकडे रीत अशी, की सामन्याआधी सगळे तळ्यासमोरच्या फरशीवर जमतात. प्रत्येक जावई आपल्या सासूच्या हातून वाडगाभर गोड दारू पितो, तांदळाची, घरी केलेली, आणि मगच जावयांच्या बाजूला जातो. वाडगा घेतल्याशिवाय जावई खाचरात पाय टाकत नाही. आतोबा मात्र त्या सकाळी गावच्या बाप्यांबरोबर बांबूचे गोल बांधत होते. त्यांना वाटलं, आपण इथलेच. इथेच झोपतो, इथेच जेवतो, इथल्याच तळ्यातला गाळ उपसतो. कापराच्या झाडाखालचा गोल गावाचा, रस्त्याकडचा जावयांचा. आमच्याकडे अर्ध्या वेळेला बाजू बदलत नाहीत. गावाची बाजू ती गावाची बाजू. आतोबा कापराच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले आणि हातमोजे चढवायला लागले.

आजोबा तेव्हा चाळिशीतले, गावाचे कप्तान, पुढच्या फळीत खेळायचे. त्यांनी सगळ्यांच्या देखत हात केला.

"फूशंग, तिकडे."

"तिकडे?"

"जावई ना तू? मग तिकडे. वाडगा घे आणि जा."

बाबा सांगतात, आतोबांनी हातमोजे उतरवले. मग आले, सासूच्या हातून वाडगा घेतला, सगळा प्यायले, आभार मानले आणि रस्त्याकडच्या गोलाकडे चालत गेले. आणि त्या दुपारी आजोबांनी जे जे मारलं ते ते त्यांनी छातीशी घेतलं, तान्ह्याला घेतल्यासारखं. संध्याकाळी लियावांचे बाप्ये तळ्याकाठी ओळीने बसून कढया घासत होते, आणि सर्वांत मोठी कढई आजोबांकडे होती.

"तुझ्या आजोबांचं नियमावर वगैरे प्रेम नाही," बाबा मला म्हणाले होते. "त्यांचं भांडण त्या एका 'तिकडे'शी आहे. पुढच्याच वर्षी त्यांना कळलं होतं की चूक झाली. पण हरल्यावर बोलवायचं म्हणजे लोक म्हणणार, भांडी घासायचा कंटाळा आला म्हणून जावई घरचा झाला. मग नाही बोलावलं. आणि एकदा नाही बोलावलं की दर वर्षी ते जास्त अवघड होतं."

बाबांना यात रस होता, कारण इतकी वर्षं गावाच्या गोलात तेच उभे राहतात. शीग्वान खाटीक. माणूस रुंद आहे, पण चेंडू अरुंद असतो आणि बाजूने जातो.

मधे एकदा आतोबांनी मुद्दाम एक सोडलाही होता. सासूबाई फार म्हाताऱ्या झाल्या होत्या, खाचराच्या बांधावर खुर्ची टाकून बसायच्या. येता-जाता टोमणे मारायच्या, "काय हा जावई, सासरच्यांना भांडी घासायला लावतो." एका वर्षी शेवटच्या क्षणी बाबांच्या भावाने हळूच एक ढकलला आणि तो आतोबांच्या पायांमधून गेला. गाव जिंकलं. फटाक्यांची माळ लागली. सासूबाईंनी मात्र तीन दिवस जावयाशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी ताट वाढताना म्हणाल्या, "माझ्या घरात खोटा खेळ चालणार नाही. तो चेंडू माझ्यासारख्या आंधळीनेही अडवला असता." आतोबा म्हणाले, "चुकलं, आई." पुन्हा कधी सोडला नाही.

त्या गेल्यावर आतोबांना वाडगा द्यायला सासू उरली नाही. मग आत्याच द्यायला लागली. बायकोच्या हातून जावयाचा वाडगा. दर वर्षी ती तो इतक्या जोरात पुढे करायची की निम्मी दारू त्यांच्या बाहीवर सांडायची.

मी त्यांना मागच्या हंगामात बागेत विचारलंच. ते झेलत होते, वर त्यांचा एक विद्यार्थी कापत होता.

"आतोबा, तुम्हाला वाटत नाही का कधी, झाडाखालच्या गोलात उभं राहावं?"

"रस्त्याकडचा गोल चांगला आहे," ते वर बघत म्हणाले. "तिथून सगळं गाव समोर दिसतं. तळं, घर, आमच्या स्वयंपाकघराचा धूर. तुझी आत्या कोणावर ओरडतेय तेही कळतं. झाडाखालून काय दिसतं? रस्ता."

मला ते पटलं. मी घरी येऊन आत्याला सांगितलं. आत्या हसली नाही.

"उद्या गोल बांधतील तेव्हा जाऊन बघ," वर्षअखेर आली तेव्हा ती म्हणाली. "दोन्ही गोल हेच बांधतात. रस्त्याकडचा बांधून झाला की उठून येतात. आणि झाडाखालचा?"

मी गेले. आतोबांनी रस्त्याकडच्या गोलाचे बांबू रोवले, दोरी आवळली, झालं. मग ते झाडाखाली आले. तिथे बांबू रोवून झाल्यावर गुडघ्यावर बसले, भाताचे खुंट एकेक उपटले, ढेकळं हाताने फोडली, तळ्यातली ओली माती आणून खड्डे भरले आणि दोन्ही खांबांच्या मधली जागा तळव्याने थापत गेले, आत्या तांदळाच्या पिठाच्या वड्या थापते तशी. मी बांधावर उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दर वर्षी असं करतात म्हणे. आणि दर वर्षी दुपारी माझे बाबा आपले चिखलाचे बूट घेऊन तिथे जाऊन उभे राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाड्या यायला लागल्या. युन्यिंग आली, लाल कोट, गाल लाल, आणि मागे तिचा नवरा, तान शूहाव, दोन्ही हातांत भेटींचे डबे, चष्म्यावर वाफ. मुलगा छाओचौचा, जहाजांचे आराखडे काढतो. जेवायला बसल्यावर बायकांनी त्याला मध्ये घेतलं.

"काय हो जावईबापू, फुटबॉल येतो ना?"

"आमच्याकडे चहा पितात," तो म्हणाला.

"तो तर आम्हीही पितो."

"नाही म्हणजे... चहाच पितात."

पलीकडच्या टेबलावर बाकीच्या जावयांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांचा कप्तान, शनचनला ट्रक चालवणारा ल्वो, माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, मिठात भाजलेल्या कोंबडीची तंगडी चघळत म्हणाला, "काही हरकत नाही. ह्यांना कोपऱ्यात उभं करू. मागे आतोबा आहेत तोवर दहा जण चहा प्यायले तरी चालतंय."

आतोबा शूहावच्या वाडग्यात भरलेले तोफू घालत होते. "खा. मीठ बरोबर आहे."

जेवणं झाली आणि सगळे फरशीवर जमले. सासवा ओळीने उभ्या राहिल्या, प्रत्येकीच्या हातात वाडगा. आजोबा काठी टेकत मधे आले. आता खेळत नाहीत, पण जावयांची नावं पुकारणं त्यांच्याकडेच. एकेक नाव घ्यायचे, जावई पुढे यायचा, वाडगा रिकामा करायचा, लोक ओरडायचे आणि तो रस्त्याच्या बाजूला जायचा. ल्वो गेला. बाकीचे गेले.

"तान शूहाव."

शूहाव पुढे आला. आत्याने नवा जरीचा कोट घातला होता. सासू म्हणून तिची ही पहिलीच वेळ. तिने वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला, अगदी हळू. एक थेंब सांडला नाही. शूहाव प्यायला, खोकला, सगळे हसले.

"गू फूशंग."

आतोबा पुढे आले. हातमोजे काखेत होते. आत्याने रिकामे हात कोटाच्या खिशात घातले.

"वाडगा?" आजोबा म्हणाले.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"एका घराला एक जावई, काका. एका घरातून एक वाडगा. माझ्या घरचा जावई आत्ताच पिऊन गेला. मी सासू आहे. सासूने नवऱ्याला जावई म्हणून वाडगा द्यायचा, अशी रीत असेल तर सांगा, आत्ता भरून आणते."

ओळीतल्या सासवा एकदम आभाळाकडे बघायला लागल्या. अशी रीत नव्हती. असणार कुठून?

रस्त्याच्या बाजूने ल्वो ओरडला, "आत्या, वाडगा राहू द्या, माणूस द्या."

"वाडग्याशिवाय जावई खाचरात पाय टाकत नाही," आत्या म्हणाली. "हे मी नाही, काकांनी सांगितलंय. पहिल्याच वर्षी. सगळ्यांच्या देखत."

आजोबांची काठी फरशीवर दोनदा वाजली. आतोबा मध्ये उभे होते. उजवीकडे जावई, डावीकडे गाव, आणि ते कुठल्याच बाजूला नव्हते. त्यांनी एका हातमोज्याचा निघालेला दोरा दाताने तोडला. मी त्यांचा चेहरा बघत होते. शेन्यांगची थंडी त्यांनी किती वेळा सांगितली असेल. तेव्हा बाकावरून उठताना तो कसा दिसला असेल ते मला त्या दिवशी दिसलं.

तेवढ्यात माझे बाबा खाली बसले. अगदी हळू, शंभर किलोच्या डुकराला बसवावं तसे.

"कंबर," ते म्हणाले.

"आत्ता तर तीन वाडगे भात खाल्लास," आजोबा म्हणाले.

"म्हणूनच धरली असेल. बाबा, मला आज गोलात उभं राहता यायचं नाही."

"सकाळी बरी होती."

"सकाळी बरीच होती," बाबा म्हणाले आणि कमरेची चुकीची बाजू धरली.

कोणी हसलं नाही. सगळं गाव आजोबांकडे बघत होतं. आजोबांनी बाबांकडे बघितलं, मग आत्याच्या खिशांकडे, मग तळ्याकडे. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि आवाज अजून खणखणीत आहे. पण त्या वेळी तो जरा बसका निघाला.

"फूशंग."

"हां काका."

"शीग्वानची कंबर धरलीय."

"दिसतंय."

"आपला गोल रिकामा आहे." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तर मी म्हणत होतो... तू काय म्हणतोस? आपल्या बाजूने उभा राहशील का?"

ल्वोने डोक्याला हात लावला. शूहावने चष्मा पुसायला काढला आणि बायकोला विचारलं, "मग आपल्या गोलात कोण?" युन्यिंगने त्याच्याकडे बोट केलं.

आतोबांनी काखेतले हातमोजे काढले. डावा चढवला, उजवा चढवला, बोटं एकमेकांत घालून घट्ट केली. मग ते वळले आणि फरशी उतरून, तळ्याच्या कडेने, कापराच्या झाडाकडे चालायला लागले.

"अरे, विचारतोय मी," आजोबा मागून म्हणाले. "हो की नाही, तेवढं तरी सांग."

आतोबांनी वळून बघितलं नाही. झाडाखाली पोचेपर्यंत ते चालत राहिले, आणि पोचल्यावर थापलेल्या मातीवर पाय ठेवण्याआधी त्यांनी बुटांचा चिखल बांधावर पुसून काढला.